वरच्या ओळीतलं नाव

माझी थोरली मुलगी विद्यापीठाच्या नोंद विभागात आहे. विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच खांब आणि जाडजूड पुस्तकं येतात. हिच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी आलेली आहे. मध्ये काच, काचेच्या खाली कागद सरकवण्यापुरती फट, आणि पलीकडे कायम घाईत असलेली पोरं. खिडकीचा नंबर तीन, म्हणून त्या इमारतीत तिला सगळे ‘तीन नंबरच्या मॅडम’ म्हणतात. घरी आम्ही थोरली म्हणतो, कारण तिच्यामागून धाकटी आली. धाकटी आलीच नसती तर हिला काय म्हटलं असतं, हा प्रश्न मी अधूनमधून घरात टाकतो.

मी स्वतः चौथी पास. गावच्या शाळेत एकच गुरुजी, एकच खोली आणि चार वर्ग. पहिलीत असताना मी चौथीचं सगळं ऐकून घेतलं आणि चौथीत गेल्यावर पहिलीचं पुन्हा ऐकलं, तेव्हा माझं शिक्षण दोनदा झालंय असं मी मानतो. गुरुजींनी दाखल्यावर माझं एक भारदस्त नाव घालून ठेवलं होतं, पण घरीदारी मी ढब्या. पुढे गोदामात हमालीला लागलो. पहिल्या पगाराच्या दिवशी कारकून एक नाव पुकारतोय, पुकारतोय, आणि मी पोत्यावर बसून शेजारच्याला म्हणतोय, काय माणूस आहे बघ, पगार घ्यायलाही येत नाही, उगाच आपला खोळंबा. रांग संपली तरी ढब्याचं नाव येईना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून थोरलीचं काम मला फार आवडतं. ते समजून घ्यायला वेळ लागला, पण समजल्यापासून भेटेल त्याला मी समजावून सांगतो. तिच्याकडे प्रत्येक पोराची दोन नावं असू शकतात. एक कायदेशीर नाव, म्हणजे जन्माच्या दाखल्यावरचं. पदवीवर तेच छापतात. दुसरं पसंतीचं नाव. पोरगं येऊन सांगतं, मला या नावानं हाक मारा. मग हजेरीत, ओळखपत्रावर, वाचनालयात ते चालतं. थोरलीच्या पडद्यावर पसंतीचं नाव वरच्या ओळीत ठळक दिसतं आणि कायदेशीर त्याच्या खाली बारीक. मी त्यांना हाकेचं नाव आणि कागदाचं नाव म्हणतो. ती म्हणते, बाबा, तुमचे शब्द बरे आहेत, पण साहेबांना चालायचे नाहीत.

पोरांची कारणं ऐकावीत. एकाचं नाव इतकं लांब की ओळखपत्रावर मावत नव्हतं. एक परदेशातून आलेली, तिचं नाव इथे कुणाच्या जिभेवर बसेना, तर तिनं बिचारीनं सोपं घेतलं. एकाला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलेलं आणि त्याला ते नको होतं. या पोराचा मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही. आणि काही पोरं अशी, की कागदावर मुलगी आहेत आणि जगतात मुलगा म्हणून, किंवा याच्या उलट. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या काही पचनी पडेना. थोरलीची पोर, म्हणजे माझी नात, म्हणाली, आजोबा, तुम्हाला दाखल्यावरच्या नावानं हाक मारली तर तुम्ही वळून बघता का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग झालं तर, आणि आपल्या अभ्यासाला निघून गेली. झालं तर झालं.

थोरलीची एक पद्धत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, तिनंच आपल्या मनानं काढलेली. पोरगं नवीन नाव नोंदवून जायला लागलं की ती त्याला काचेजवळ बोलवायची आणि बारीक आवाजात विचारायची, घरी फोन करायची वेळ आली तर कुठलं नाव घ्यायचं? कारण बऱ्याच पोरांच्या घरी हाकेच्या नावाचा पत्ताच नसतो. पोरगं काय सांगेल ते ती पडद्याच्या तळाशी शेऱ्याच्या जागी टाकून ठेवायची. शेजारच्या खिडकीतली बाई हिला हसायची. या बाईला सगळे रेडिओ म्हणतात, सकाळी सुरू होते ती बंद करायचं बटणच नाही. रेडिओ म्हणायची, अगं, तू काय त्यांची मावशी आहेस का?

मग जावई, थोरलीचे यजमान, गेले. आजारी नव्हते, काही नव्हतं. टाइल्स बसवायचं काम करायचे. दुपारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. थोरलीनं सगळं केलं. लोकांना बसायला खुर्च्या मांडल्या, आलेल्यांना पाणी दिलं, जावयांची हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला देऊन टाकली. रडली असेल तर मी बघितलं नाही. आठवडाभरानं खिडकीत जाऊन बसली.

तेव्हापासून ती अशी झाली की तिला काही लागतच नाही. मी विनोद सांगितला की ती हसते, अगदी जिथे हसायला हवं तिथेच हसते, आणि माझ्याच अंगावर काटा येतो. एकदा इस्त्रीला तिचं मनगट टेकलं. वास आला म्हणून नात धावत आली, तर हिनं मनगट बघितलं, पाण्याखाली धरलं, आणि उरलेले कपडे इस्त्री केले. मी वेगवेगळ्या युक्त्या केल्या. एक दिवस भाजीत मुद्दाम मीठच घातलं नाही. नातीनं पहिल्या घासाला ताट पुढे ढकललं आणि आजोबा आता म्हातारे झाले असं जाहीर केलं. थोरली शेवटपर्यंत जेवली, ताट घासून ठेवलं, म्हणाली, छान झाली होती. दुसऱ्या दिवशी मी दुप्पट मीठ घातलं. तेही छान झालं होतं. तिसऱ्या दिवसापासून नातीनं स्वयंपाक आपल्या हातात घेतला, तेव्हा युक्तीचा थोडा फायदा झालाच.

ऑफिसात तिची एकही चूक व्हायची नाही. फक्त तो काचेजवळचा प्रश्न ती विचारेनाशी झाली. ठरवून नाही. पोरगं नाव नोंदवायचं, ही पुढच्याला बोलवायची.

त्याच महिन्यांत एक विद्यार्थी नाव नोंदवून गेला होता. कागदावर मुलगी, वरच्या ओळीत मुलाचं नाव. थोरली त्याला ‘तो’ म्हणते, म्हणून मीही ‘तो’ म्हणतो. नाव मला ठाऊक नाही. ऑफिसातलं एकही नाव ती घरी आणत नाही. मी जंग जंग पछाडलं तरी नाही.

तो तिसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी वसतिगृहाच्या ओल्या जिन्यावरून खाली आला. पाय न लावता आला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं तर खिशात दोन कार्डं निघाली. विद्यापीठाच्या कार्डावर एक नाव आणि आखूड केसांचा फोटो, सरकारी कार्डावर दुसरं नाव आणि खांद्यावर दोन वेण्या. दवाखान्यातल्यांनी हात वर केले. नक्की कुणाचं ऑपरेशन करतोय हे कळल्याशिवाय टेबलावर घ्यायचं कसं? पोराला विचारावं तर सुईच्या गुंगीत. त्यांनी विद्यापीठाला फोन लावला आणि तो फिरत फिरत तीन नंबरला आला. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असा शिक्क्याचा कागद, आणि घरचं कुणीतरी. ऑपरेशनच्या संमतीची सही पोर सुई टोचण्याआधीच करून बसलं होतं, त्याचं अडलं नव्हतं. पण एवढं मोठं ऑपरेशन, डोळे उघडतील तेव्हा जवळ आपलं माणूस हवं, असं तिकडची नर्स म्हणाली.

थोरलीनं त्याची नोंद उघडली. खाली घरचा नंबर होता, आईचा. शेऱ्याची जागा रिकामी. तिनं नंबर फिरवला, पलीकडे शिलाई मशीन चालल्याचा आवाज आला, आणि तिनं पडद्यावर जे पहिलं दिसलं ते वाचलं. वरच्या ओळीतलं नाव. म्हणाली, तुमचा मुलगा जिन्यावरून पडलाय, दवाखान्यात आहे.

मशीन थांबलं.

“कोण मुलगा?” बाई म्हणाली. “मला मुलगा नाही हो. एकच मुलगी आहे. नंबर चुकला तुमचा.”

आणि फोन ठेवला. ठेवण्याआधी चांगल्या आवाजात म्हणाली, त्या पोराची आई लवकर सापडू दे.

थोरली हातात फोन धरून बसली. रेडिओनं अर्थातच सगळं ऐकलं होतं. ती उठून साहेबांना घेऊन आली. साहेब म्हणजे विभागप्रमुख, माणूस वाईट नाही, पण नियम तोंडपाठ आणि बाकी सगळं कोरं. ते म्हणाले, ज्याला दोन्ही नावं ठाऊक नाहीत त्याला ती विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय सांगायची नसतात. एक तुम्ही सांगून बसलात. आता परत फोन करून दुसरं घेतलं तर ती बाई दोन आणि दोन चार करणार. रेडिओ म्हणाली, मग नका करू, दवाखाना बघून घेईल. साहेब म्हणाले, हो, पण मग ते पोर एकटं शुद्धीवर येणार. रेडिओ म्हणाली, मग करा. साहेब म्हणाले, करा असं मी म्हणू शकत नाही. नका करू असंही म्हणत नाही. आणि ते आपल्या खोलीत गेले. दार मात्र उघडं ठेवलं.

थोरली मला म्हणाली, बाबा, त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती, हे मला समजत होतं. कुणाच्या तरी घराचं काहीतरी माझ्या हातून मोडणार होतं. मी वाट बघितली. भीती आली नाही. मग मी नंबर फिरवला.

या खेपेला तिनं खालच्या ओळीतलं नाव घेतलं. तुमची मुलगी जिन्यावरून पडली आहे, दवाखान्यात आहे.

पलीकडे मशीन सुरू नव्हतं. मग बाई म्हणाली, “मघाशी तुम्हीच बोललात ना?”

“हो.”

“मघाशी मुलगा म्हणालात.”

“माझं चुकलं.”

“कधी चुकलं? मघाशी की आत्ता?”

थोरली म्हणाली, मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन आहे, तुम्ही या. आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला. फोन बंद झाला.

तिनं कागद टाइप केला. अमुक आणि तमुक ही एकाच विद्यार्थ्याची नावं असून विद्यापीठाच्या नोंदीत दोन्ही ग्राह्य आहेत. सही केली, शिक्का मारला. शिपायाबरोबर पाठवता आला असता, पण ती स्वतः निघाली. का, ते तिला सांगता येत नाही. रेडिओ तिच्या मागे जिन्यापर्यंत आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत गेली.

कागद आत गेला, पोरही आत गेलं. थोरली बाहेर बसली. भिंतीला एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक हलली की सगळी रांग हलते. कोपऱ्यात पाण्याची टाकी, साखळीला बांधलेला पेला. एक म्हातारा डुलक्या काढत होता आणि त्याच्या डुलकीबरोबर सगळी रांग डुलत होती. हे मी विचारून विचारून काढून घेतलंय. ती आपणहून कुठलं सांगायला.

दुपार कलल्यावर एक बाई आली. उंच, घामानं भिजलेली, गळ्यात मापाची टेप तशीच. दुकानातून उठून थेट बस धरली असणार. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि थोरलीपुढे येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींना कधी बघितलेलं नव्हतं.

“तुम्हीच ना फोनवाल्या?”

थोरली हो म्हणाली. बाई मध्ये एक खुर्ची सोडून बसली. ऑपरेशन कसं चाललंय ते विचारलं, किती वेळ लागेल ते विचारलं. मग टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, हे किती दिवस चाललंय? हे म्हणजे काय, ते दोघींना ठाऊक होतं. थोरली म्हणाली, मला सांगता येत नाही. बाई म्हणाली, येत नाही की सांगायचं नाही? थोरली म्हणाली, सांगायची परवानगी नाही. बाई म्हणाली, माझ्याच पोरीबद्दल मला? शाळेचे गणवेश मी शिवले, झगे मी शिवले, तिच्या खांद्याचं माप मला झोपेत विचारा. आणि परवानगी तुमची?

थोरली नियमाला धरून राहिली. साहेब तिथे असते तर त्यांनी शाबासकी दिली असती.

“सुट्टीत आली की सगळे कपडे सैल करून मागते,” बाई म्हणाली. “खांद्यात वाढवून मागते. मी म्हणते, बारीक झालीस आणि कपडे सैल कसले? करून देते. विचारत नाही.” मग थोरलीकडे वळून नीट बघत म्हणाली, “तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?”

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, वाटतं की, का नाही वाटणार. आमची थोरली म्हणाली, “नाही.”

बाई बघत राहिली. भडकेल, असं थोरलीला वाटलं. ती म्हणाली, “कोण गेलं?”

“नवरा.”

“हं.” बाईनं टेप गळ्यातून काढली आणि पर्समध्ये टाकली. “माझाही गेला. पण तो बसनं गेला. पलीकडच्या गल्लीतच राहतो, दोन मुलं आहेत त्याला.”

थोरली म्हणते, ती हे अशी बोलली की मला हसू आलं असतं. आलं नाही, पण येण्याची जागा कळली.

म्हाताऱ्याला कुणीतरी उठवून घेऊन गेलं, रांग हलायची थांबली. बाईनं एकदा उठून पाणी पिऊन घेतलं आणि पेला भरून थोरलीपुढे धरला. साखळी पुरेना, तर स्वतः पुढे वाकून उभी राहिली. थोरली उठली आणि प्यायली.

संध्याकाळच्या सुमाराला आतलं दार उघडलं. नर्स हातातल्या कार्डावरून मोठ्यानं नाव वाचत म्हणाली, यांच्या जवळचं कोण आहे, एकानं आत या, शुद्धीवर येतायत. दवाखान्यात कार्ड विद्यापीठाच्या ओळखपत्रावरून केलेलं होतं. नाव वरच्या ओळीतलं.

बाई उठली नाही. तिचे दोन्ही हात पर्सवर होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

नर्सनं पुन्हा पुकारलं. दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका बाईनं मान हलवली, आमचं नाही म्हणून. थोरली मला सांगते, बाबा, मी तिला हलवू शकले असते, हात लावला असता तरी पुरलं असतं. पण एकदा मी माझ्या तोंडानं तिला मुलगा दिला होता, एकदा मुलगी दिली होती. तिसऱ्यांदा काही द्यायचं नव्हतं मला. मी बसून राहिले.

नर्स दार लावायला लागली.

“अहो बाई,” शिवणारी बसल्या जागेवरून म्हणाली. “पाय मोडलाय तेच का?”

“हो, मांडी. डावी.”

“मग मी,” ती म्हणाली, उठली, आणि आत गेली.

माझं लहानपणापासून असं आहे की गोष्ट अर्धी राहिली तर मला झोप लागत नाही. मी थोरलीला विचारलं, आत जाऊन तिनं हाक काय मारली? कुठल्या नावानं मारली? थोरली म्हणाली, दार बंद झालं होतं. मी म्हटलं, दाराला काच असेल. म्हणाली, होती, दुधी होती. मी म्हटलं, तू कान तरी द्यायचास. नात म्हणाली, आजोबा, पुरे. पण मी काही सोडणारा नव्हे. जेवताना पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे तिनं उरलेलं सांगितलं.

थोड्या वेळानं ती बाई दारात आली होती. पदर ओला, चेहरा जसा होता तसाच. थोरलीला म्हणाली, लेकरू पाणी मागतंय, चालेल का विचारा जरा कुणाला तरी, मी आत थांबते. थोरली जाऊन नर्सला विचारून आली. नर्स म्हणाली, इतक्यात पाणी नाही, हवं तर कापूस भिजवून ओठ ओले करा. थोरलीनं दारात जाऊन तसं सांगितलं आणि टेबलावरचा कापूस आणून दिला. बाईनं मान डोलावली, कापूस घेतला, पाठ फिरवली.

“आणि मग?” मी विचारलं.

थोरलीनं भाकरीचा तुकडा मोडला.

“मग काय बाबा, ओठ ओले केले असतील.”